विषय: आई-बाबांना घेऊन एडिनबरा, दोन रात्री

नमस्कार मंडळी,

आई-बाबा साताऱ्याहून आलेत. पुढच्या महिन्यात शुक्रवारी सकाळच्या गाडीनं एडिनबराला जातोय, रविवारी दुपारी परत. आईचे गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत, आणि ती पक्की शाकाहारी. बाबांना सगळं चालतं. लेक १९ वर्षांची. सातलाच हॉटेलात येऊन बसायचं नाही, असं तिनं आत्ताच बजावलंय. काउगेटवर हॉटेल स्वस्त मिळतंय, नकाशात अगदी मधोमध दिसतंय. घेऊ का?

— लीड्सहून

*

ताई, काउगेटवरचं हॉटेल घेऊ नका.

मी तिथे सात वर्षं राहिले, तरी सासूबाई आल्या तेव्हा हीच चूक केली. नकाशात काउगेट आणि म्युझियमकडे जाणारा जॉर्ज फोर्थ ब्रिज हा रस्ता एकमेकांना छेदतात. दोन मिनिटांत म्युझियमला पोचू म्हणून निघालो आणि काउगेटवर येऊन थांबलो. दोन्हीकडे काळपट उंच भिंती, मध्ये कमान आणि कमानीवरून बस चाललेली. सासूबाई मान वर करून म्हणाल्या, "अगं, आपला रस्ता तर डोक्यावरून गेला!" मग कँडलमेकर रोचा चढ चढताना त्या चार वेळा थांबल्या. जवळच्या साउथ ब्रिजला तर १९ कमानी आहेत, पण दोन्ही बाजूंनी इमारती चिकटल्यामुळे दिसते एकच. वरून चालताना आपण पुलावर आहोत हे कळतच नाही. शिवाय शनिवारी रात्री काउगेटवर क्लबांचा गोंगाट असतो, आईंना झोप लागायची नाही.

म्हणून तिथे फिरताना अंतर बघू नका, चढ-उतार बघा. हॉटेल जॉर्ज स्ट्रीटच्या आसपास घ्या, तो रस्ता सपाट आहे. वेव्हर्ली स्टेशन खोलगट भागात आहे, पण प्रिन्सेस स्ट्रीटवर यायला सरकते जिने आहेत. जुन्या गावात टॅक्सीनं थेट किल्ल्यापाशी उतरा आणि रॉयल माइल या रस्त्यानं खाली, होलीरूड राजवाड्याच्या दिशेनं, जमेल तेवढं चाला. रस्ता दगडी फरसबंदीचा आहे, आईंना बूटच घालायला लावा. किल्ल्यातही चढ आहे. वर न्यायला गाडीची सोय होते का, ते तिकीट काढतानाच विचारून घ्या. जायचं शनिवारीच. १८६१पासून दुपारी एकला तोफ उडते, लीथ बंदरातल्या जहाजांना वेळ कळावी म्हणून सुरू झालेली. रविवारी ती नसते.

किल्ल्याच्या अलीकडे कॅमेरा ऑब्स्क्युराची, म्हणजे भिंग-आरशांनी बाहेरच्या गावाचं चित्र आत पाडणाऱ्या यंत्राची, मनोऱ्याची इमारत लागेल. तिथे बाबांना जरूर थांबवा. १८९२मध्ये ती नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी घेतली. जुन्या गावाची पार झोपडपट्टी झाली होती, तेव्हा हे गृहस्थ बायकोला घेऊन तिथल्याच जेम्स कोर्टात राहायला गेले आणि सरसकट पाडापाडी न करता घरं दुरुस्त करत सुटले. पुढे १९१९मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग सुरू झाला तो त्यांच्याच हाताखाली. मला त्या इमारतीसमोर उभं राहिलं की परक्या गावात ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटतं.

नॅशनल म्युझियम फुकट आहे आणि लिफ्टनं गच्चीवर जाता येतं. किल्ला, आर्थर्स सीटचा डोंगर, सगळं गाव तिथून दिसतं, आईंना एकही पायरी न चढता. २५१ मीटरचा तो डोंगर लेकीला एकटीला सकाळी चढू द्या.

रात्रीसाठी क्लबपेक्षा फॉरेस्ट रोडवरचं सँडी बेल्स. छोटासा पब आहे. स्टेज वगैरे काही नाही. टेबलाभोवती बसून लोक फिडल, बासरी, अकॉर्डियन वाजवतात आणि आपण हातभर अंतरावर उभे. सासूबाई संत्र्याचा रस घेऊन दीड तास बसल्या, ताल धरत. तिथे वाजवणं चालू असताना मोठ्यानं बोलू नये, एवढं सांभाळा.

— न्यूकॅसलहून

*

जेवणाचं राहिलं, ते मी लिहितो.

आईंसाठी महत्त्वाचं: फिश अँड चिप्सच्या दुकानात नुसते चिप्स घेतले तरी "तळता कशात?" हे आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी बीफ ड्रिपिंग, म्हणजे गाईच्या चरबीत तळतात. बाहेर ते लिहिलेलं असेलच असं नाही. तेलात तळणारं दुकान सापडलं की "सॉल्ट अँड सॉस" मागा. व्हिनेगर घालून पातळ केलेला तो तपकिरी आंबटगोड सॉस ही खास एडिनबराची चव.

बाबांना हॅगिस द्या. मेंढीचं यकृत, हृदय, फुफ्फुस, त्यात ओट्स, कांदा, चरबी आणि भरपूर मिरी. कलेजी-वजडी खाणाऱ्याला ते अजिबात परकं वाटणार नाही. सोबत सलगमासारख्या कंदाचं आणि बटाट्याचं भरीत असतं. शाकाहारी हॅगिसही पुष्कळ ठिकाणी मिळतं, डाळी, राजमा आणि ओट्सचं; माझ्या आईनं ते दोनदा मागवलं. थंडी असेल तर बाबांना कलन स्किंक, धुरी दिलेल्या हॅडॉक माशाचं दुधातलं दाट सूप. आणि टॅब्लेट नावाची मिठाई घ्या. दूध, साखर, लोणी आटवून केलेली, थेट आपली दुधाची वडी, फक्त जास्त गोड.

बसमध्ये रोख देणार असाल तर नेमके सुटे ठेवा, ड्रायव्हर पैसे परत देत नाही. कार्ड चालतं.

— ग्लासगोहून

*

दोघांचे मनापासून आभार. जॉर्ज स्ट्रीटजवळ खोली घेतली, थोडी महाग पडली. बाबा कालपासून गेडिसबद्दल वाचत बसलेत. शनिवारी एक वाजता किल्ल्यावर.

— लीड्सहून