गुडघेदुखी, पूरक गोळ्या आणि व्यायाम: आपले अनुभव

साठीनंतर गुडघ्यांसाठी घेतलेल्या पूरक गोळ्या आणि केलेला व्यायाम यांचे अनुभव लिहावेत, ही विनंती. नुसते गोळीचे नाव न देता ती किती काळ घेतली आणि सोबत आणखी काय चालू होते, हेही सांगावे. सुरुवात मीच करते.

निवृत्त शिक्षिका, सातारा, वय ६७
डाव्या गुडघ्याची झीज एक्स-रेमध्ये दिसल्यावर मी ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन (सांध्यांतल्या कूर्चेत असणारे घटक) यांची एकत्रित गोळी दहा महिने घेतली. दुसऱ्या महिन्यापासून बरे वाटू लागले. मात्र त्याच सुमारास फिजिओथेरपीही सुरू केलेली असल्याने श्रेय कोणाला द्यावे, ते कळत नव्हते. पुढे गोळ्या संपल्या आणि आळसाने नव्या आणल्या नाहीत, तरी काहीच बिघडले नाही. भाचीच्या लग्नघाईत व्यायाम तीन आठवडे सुटला, तेव्हा मात्र जिना उतरताना पुन्हा कळ येऊ लागली. व्यायाम अगदी साधे आहेत: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, आणि खुर्चीत बसून पाय समोर सरळ करून दहा अंक मोजायचे.

निवृत्त औषधविक्रेता, नागपूर
वरील अनुभवातील 'बरे वाटू लागले' या शब्दांविषयी थोडे सांगतो. अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर चोवीस आठवडे झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांना औषध नसलेली नकली गोळी दिली होती त्यांच्यापैकीही सुमारे ६० टक्के लोकांची गुडघेदुखी किमान एक पंचमांशाने कमी झाली होती, आणि एकूण रुग्णांचा विचार करता या दोन पूरकांचा गट त्यांच्या फारसा पुढे गेला नाही. मध्यम ते तीव्र वेदना असलेल्या लहान गटात दोन्ही एकत्र घेतल्याने फायदा दिसला, म्हणून वाद पूर्ण मिटला नाही. तरीही तेथील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्याच्या झिजेसाठी ग्लुकोसामाइन घेऊ नये, असे स्पष्ट म्हटले आणि व्यायामाची जोरदार शिफारस केली. मी स्वतः या गोळ्या वर्षानुवर्षे विकल्या आहेत, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

मुलगा, ठाणे
बाबांच्या हृदयाची झडप बदललेली असल्यामुळे ते वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेतात. शेजारच्या काकांच्या सांगण्यावरून त्यांनी ग्लुकोसामाइन सुरू केले, आम्हाला सांगितले नाही, आणि महिन्याच्या तपासणीत त्यांचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) नेहमीपेक्षा बराच वाढलेला निघाला. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर ग्लुकोसामाइनच काय, हळदीच्या अर्काच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

सून, सांगली
सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. बहुतेक ग्लुकोसामाइन कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनवतात, हे त्यांना वर्षभराने समजले. त्यानंतर घरात काय झाले ते न लिहिलेलेच बरे.

गृहिणी, गिरगाव, वय ७१
आमची खोली चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही. मी 'ड' जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे घेतली, कारण तपासणीत ते खरोखरच कमी होते. झिजेवरचा उपाय म्हणून ती सांगितलेली नव्हती. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले आणि एक किलो वजन कमी झाले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, असे समजावले. दीड वर्षात ७४ वरून ६८ किलोंवर आले. विळी सोडून ओट्यापाशी उभी राहून सुरीने भाजी चिरू लागले, याचे वाईट मात्र अजून वाटते. सध्या हात न टेकता खुर्चीतून सलग बारा वेळा उठते. मागच्या दिवाळीत चार वेळाही जमत नव्हते.