मदत हवी आहे: फक्त शास्त्र (म्हणजे बायबल) पुरेसं आहे का?
बायबल स्टडीत मी २ तीमथ्य ३:१६-१७ वरून बोलत होतो की विश्वासाच्या बाबतीत शास्त्रच शेवटचा अधिकार, तर कॅथलिक मित्राने लगेच २ थेस्सलनीका २:१५ उघडून दाखवलं, तिथे येशूचा प्रेषित पौल तोंडी आणि पत्राने दिलेलं दोन्ही शिक्षण धरून ठेवा म्हणतो. त्यावर उत्तर आहे माझ्याकडे, ते तोंडी शिक्षण खुद्द प्रेषितांचं होतं. पण नव्या करारातल्या २७ पुस्तकांची यादी बायबलमध्ये कुठेच नाही, ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्या इ.स. ३६७ च्या पत्रात मिळते, मग ती परंपरेवरच घेतली ना, हा त्याचा मुद्दा खरंच वजनदार वाटतो. मंडळीने (चर्चने) पुस्तकं नुसती ओळखली की त्यांना अधिकार दिला, हे शास्त्रातूनच कसं दाखवायचं? अभ्यास असलेल्यांनी प्लीज वचनांसकट सांगा, मला हे मनापासून समजून घ्यायचंय.