हताहत म्हणजे ठार का?

प्रश्न: युद्धाच्या बातम्यांत ‘कॅज्युअल्टीज’साठी कुणी ‘ठार’ लिहितं, कुणी ‘हताहत’. दोन्ही चालतील का?

उत्तर १: ‘ठार’ चालणार नाही. हताहत हा द्वंद्व समास आहे: हत (मेलेले) आणि आहत (जखमी). लष्कराच्या हिशेबात तर कॅज्युअल्टीत मृत, जखमी, बेपत्ता आणि शत्रूच्या हाती सापडलेले असे सगळेच येतात. पहिल्या महायुद्धात १ जुलै १९१६ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत ब्रिटिशांचे ५७,४७० हताहत झाले. त्यांतले मृत १९,२४०. ‘एका दिवसात ५७ हजार ठार’ असं छापलं की मृतांचा आकडा जवळपास तिप्पट होतो. इस्पितळाच्या दारावरची ‘कॅज्युअल्टी’ पाटी वाचून आत सगळे मेलेलेच असतील असं कुणी समजत नाही, मग रणांगणावर का समजावं?

उत्तर २: आणि लोकांचं मत याच आकड्यांवर हलतं. जॉन म्यूलर या अमेरिकी अभ्यासकाने कोरिया आणि व्हिएतनाम युद्धांच्या जनमत चाचण्या तपासल्या. हताहत दहापट वाढले की युद्धाचा पाठिंबा साधारण १५ टक्क्यांनी घसरतो, असं त्याला आढळलं. २७ जून १९६९च्या अंकात ‘लाइफ’ साप्ताहिकाने तर एकाच आठवड्यातल्या २४२ मृत अमेरिकी सैनिकांची यादी दिली, बहुतेकांच्या फोटोंसह. आठवड्याचे आकडे तोवर नेमाने छापून येतच होते. चेहरे पाहून देश हादरला. आकडा कसला आहे हेच जिथे चुकतं, तिथे वाचकाने मत कशावर बनवायचं?

प्रश्न: पण मथळ्यात जागा नसते.

उत्तर १: ‘मृत-जखमी’ लिहा, फार लांब नाही. ‘हताहत’ शुद्ध आहे, पण बरेच वाचक त्याचा अर्थ मृत असाच घेतात, म्हणून पहिल्याच वाक्यात फोड द्यावी. उदाहरणार्थ कारगिल: ५२७ मृत, १,३६३ जखमी. ‘जीवितहानी’त जखमी धरू नयेत. ‘लॉसेस’ आलं तर माणसं की रणगाडे, हे मूळ निवेदनात पाहावं. शत्रूच्या हताहतांचा आकडा असेल तर ‘दावा’ हा शब्द मथळ्यातच हवा, तिसऱ्या परिच्छेदापर्यंत कोण जातो?

उत्तर २: बेरजेत आणखी एक चूक होते. कालचा जखमी आज दगावला, तर मृतांत एक वाढवताना जखमींतून एक वजा करावा. नाहीतर तोच जवान दोनदा मोजला जातो.