आडनावातला 'कर' म्हणजे टॅक्स का?

बोरिवली_स्लो: आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर फॉरवर्ड फिरतोय की ज्यांच्या आडनावाच्या शेवटी कर आहे त्यांचे पूर्वज राजासाठी कर वसूल करायचे म्हणे. आणि नीसवाले म्हणजे राजाच्या नसानसातले, खास. पटत तर नाहीये पण उत्तर देता येईना. कोणी जाणकार आहे का इथे?

चाळकरी: फॉरवर्ड डिलीट मारा आधी. कर म्हणजे त्या गावचा, संपला विषय. तेंडोलीचे तेंडुलकर, किर्लोसीचे किर्लोस्कर, मंगेशीचे मंगेशकर. जोडताना गावाच्या नावाचं शेपूट गळतं नाहीतर मधलं अक्षर बदलतं म्हणून पटकन ओळखू येत नाही इतकंच. आता माझं आपलं मत असं की हा कर गाव सुटल्यावरच कामाला येतो, म्हणजे तेंडोलीतच राहणाऱ्याला तेंडुलकर म्हणून फायदा काय, तिथे सगळेच तेंडोलीचे, पण तोच माणूस बोटीतून भाऊच्या धक्क्याला उतरला की पहिला प्रश्न कुठला रे तू. होळकरांचंच बघा ना, गाव नीरेकाठचं होळ आणि गादी पार इंदूरला.

वरळी_नाका: काका थिअरी झकास आहे पण आमच्या कोळीवाड्यात वरळीकर आहेत, ते कुठे गाव सोडून गेले?

चाळकरी: हां, हा पॉइंट आहे. पण तिथे माणसं हलली नाहीत, मुंबईच येऊन त्यांच्या भोवती बसली, मग बाहेरचे एवढे झाल्यावर मूळचे कोण ते सांगायला लागणारच. आणि प्रत्येक कर गावाचा असतोच असंही नाही हं, गोव्याकडे भाटकर म्हणजे भाटाचा, माडाच्या बागायतीचा मालक.

फोर्ट_लायब्ररी: नीसचं मी सांगतो. नसेचा काही संबंध नाही, फारसी नवीस, म्हणजे लिहिणारा. चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस, फारसी पत्रव्यवहार बघणारा पारसनीस, पोतं म्हणजे इथे खजिना, त्याचा हिशोब लिहिणारा पोतनीस. फडणीसमधला फड तमाशाचा पण नाही आणि उसाचा पण नाही, तो फर्द, म्हणजे यादीचा, हिशोबाचा कागद. फर्दनवीसचं फडणवीस झालं आणि आणखी घासून फडणीस. ही सगळी आधी पदं होती, आडनावं नंतर. नाना फडणवीसांचं घराणं भानू, शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी मूळचे चित्रे. नोकरी बापाकडून मुलाकडे जात राहिली की मूळ आडनाव कोण लक्षात ठेवतो.

वसईची_पोर: आमच्यात पण कर आहे बरं का! डिसूजा म्हणजे पोर्तुगीजमध्ये सौझाचा, आणि सौझा ही उत्तर पोर्तुगालमधली नदी. चाळकरी काकांच्या हिशोबाने आम्ही सौझाकर 😄 फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा मुलगा, परेरा म्हणजे नासपतीचं झाड. आता वसईतल्या कोणाचे पणजोबा काही त्या नदीत पाय बुडवून आले नव्हते, बाप्तिस्मा झाला की पाद्रीचं नाहीतर गॉडफादरचं आडनाव मिळायचं. १७३९ ला वसई मराठ्यांनी घेतली, पोर्तुगीज गेले, आडनावं इथेच.

बोरिवली_स्लो: सौझाकर 😂 आणि पारशी लोकांचं काय?

फोर्ट_लायब्ररी: त्यांच्यात डिक्शनरी लागतच नाही, धंदा तेच आडनाव. जे. जे. हॉस्पिटलवाले जमशेटजी जीजीभॉय सुरुवातीला जुन्या बाटल्यांचा व्यापार करायचे म्हणून लोक त्यांना बाटलीवाला म्हणायचे. रेडीमनी तर चक्क रोकड, फोर्टातल्या युनिव्हर्सिटीच्या पदवीदान हॉलला ज्यांनी एक लाख दिले ते कावसजी जहांगीर याच घराण्यातले. आडनावाला जागले म्हणायचं.

बोरिवली_स्लो: सगळं ग्रुपवर टाकलं. आता तोच माणूस म्हणतोय की कुलकर्णी म्हणजे कुळावर करणी करणारे, भानामती वगैरे.

चाळकरी: अरे देवा. करण म्हणजे कारकून रे बाबा, कुलकर्णी गावचं दप्तर सांभाळायचा आणि नाडकर्णी त्याच्यापेक्षा मोठ्या मुलखाचं. पण तू आता समजावत बसू नको, ॲडमिन कोण आहे ते बघ.