शब्दचर्चा: गुडघ्याचं ‘संरेखन’ म्हणजे नेमकं काय?

आईचा गुडघा नाशिकला बदलला. घरी येताना मिळालेल्या कागदावर एक ओळ होती: ‘इम्प्लांटचे संरेखन तपासले.’ आईने ती तीनदा वाचली आणि विचारलं, “काय तपासलं रे हे?” संरेखन म्हणजे अलाइनमेंट, यापलीकडे मला सांगता येईना. चाकांची अलाइनमेंट तिला कळते. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीमुळे अडलेली नाशिक-पुणे रेल्वेची अलाइनमेंटही ती पेपरात वाचते. तिथे अर्थ मार्गाची आखणी. पण गुडघ्यात कसली आखणी? तिला एका दमात कळेल असा शब्द सुचवा.

प्रतिसाद:
आखणी नाही, इथे रेषा मिळवायची असते. खुब्याच्या गोळ्याचा मध्य, गुडघ्याचा मध्य आणि घोट्याचा मध्य एका रेषेत यावेत, ही रूढ पद्धत. मांडीचं हाड या रेषेला साधारण ५ ते ७ अंश तिरपं असतं. म्हणून हाडाच्या पोकळीत सळई घालून कापताना तेवढा कोन धरतात. नडगीचं हाड मात्र तिच्या अक्षाशी काटकोनात कापतात. मग ट्रायलचे, म्हणजे जुळतं का ते बघायला तात्पुरते बसवायचे, भाग बसवून, लांब सळई धरून ती घोट्याच्या मध्यावर येते का ते बघतात. ३ अंशांपर्यंतचा फरक चालतो असं परंपरेने मानतात. मी ‘अक्षजुळणी’ म्हणेन.

प्रतिसाद:
आमचे वडील सातपूरला गवंडीकाम करायचे. हे वाचून मला थेट ‘ओळंबा’ आठवला. भिंत ओळंब्यात आहे का, तसा पाय ओळंब्यात आहे का! सळई धरून बघणं म्हणजे ओळंबा लावणंच की.

प्रतिसाद:
शब्द फार गोड आहे, पण ओळंबा जमिनीकडे बघतो. ऑपरेशनच्या टेबलावर पेशंट आडवा असतो. शिवाय माणूस उभा राहिला तरी ही रेषा ओळंब्यात नसते, घोट्याकडे जाताना सुमारे ३ अंश आत कलते. तुमच्या वडिलांच्याच कामातला ‘दोरीसूत’ इथे चपखल बसतो. दोरी ताणल्यासारखं सरळ, मग दोरी उभी असो की आडवी.

प्रतिसाद:
दोरीसूतलाही एक अडचण आहे. काही सर्जन पाय अगदी सरळ न करता पेशंटचा मूळचा नैसर्गिक कल परत आणतात. तिथे अलाइनमेंट तपासतातच, पण पाय दोरीसूत नसतो. त्यामुळे कागदावर ‘जुळणी’च हवी. ‘संरेखन’मध्ये रेषा आहे, पण काय कशाशी जुळवलं ते त्यातून कळत नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
आईला सांगितलं, “खुबा, गुडघा, घोटा दोरीत आले का ते पाहिलं.” ती लगेच म्हणाली, “म्हणजे आता पाय फेंगडा नाही राहिला.” तिचा गुडघा खरंच बाहेरच्या बाजूला वाकला होता. आता उलट प्रकाराचा शब्द हवा: गुडघे आत वळून एकमेकांना घासतात, त्या पायांना तुमच्या गावात काय म्हणतात?