मदत हवी: बँडसॉवर मोठी फळी सांभाळायची कशी?

रंधा_पटाशी: परवा माल द्यायचाय आणि दोन दिवस इथेच अडकलोय. १४ इंची बँडसॉ (फिरत्या पट्टी-पात्याचं करवत यंत्र), सागाची फळी. टेबलाबाहेरचं टोक लोंबतं, फळी टेबलावरून उचलते, पातं जाम होतं. काल पोरगा टोक धरून होता, त्याने जरा ओढलं आणि कट वाकडा गेला. उपाय सांगा, लवकर.

घोडीवाला: लांबी, रुंदी, जाडी?

रंधा_पटाशी: ६ फूट, १८ इंच, २ इंच.

घोडीवाला: म्हणजे दीड घनफूट साग, पंचवीस-तीस किलो. रोलर स्टँड घ्या. उंची टेबलापेक्षा केसभर खाली, आणि रोलर पात्याच्या रेषेला काटकोनात. तिरका राहिला तर तोच फळी ओढून नेतो.

सागप्रेमी: रोलरने मला फक्त त्रास दिला. टेकू द्यायच्या दोन लाकडी घोड्या, वर सनमायका लावलेला प्लाय, त्यावर मेण चोळा. वीस वर्षं हेच करतोय.

घोडीवाला: लांब फळी सरळ चिरताना रोलरच बरा. प्लायवर भुसा साचला की फळी अडते.

कोकणचा_सुतार: अहो, पण सरळ चिरायचंय की गोलाई?

रंधा_पटाशी: झोपाळ्याचा पाट आहे. चारही कोपरे गोल, ४ इंच त्रिज्या.

कोकणचा_सुतार: हे आधी सांगायचं ना! मग साधा रोलर बाद, तो एकाच दिशेला फिरतो. फळीचं बाहेरचं टोक चतकोर वर्तुळात फिरणार, तेवढ्या सगळ्या जागेत प्लाय हवा. पातं किती रुंद?

रंधा_पटाशी: पाऊण इंच.

कोकणचा_सुतार: निम्मं दुखणं तिथेच आहे. पाऊण इंची पात्याला साधारण साडेपाच इंच त्रिज्या लागते. अर्धा इंची लावा, ते अडीच इंचातही वळतं.

जुनं_गिरमिट: एवढं ओझं फिरवता कशाला? फळी पक्की आवळा आणि जिगसॉ, म्हणजे हातात धरायची छोटी विजेची करवत, फिरवा.

सागप्रेमी: २ इंच सागात जिगसॉचं पातं खाली वाकतं, कड तिरपी येते. मग घासत बसा.

अंगणातली_चिंच: आमच्याकडे फणसाचा पाट आहे, आजोबांच्या वेळचा. झोपाळ्याच्या पितळी कड्या कुठे चांगल्या मिळतात?

रंधा_पटाशी: कड्यांचं नंतर बघू. अर्धा इंची पातं संध्याकाळी येतंय, प्लाय आहे. पोराला उभं करू की नको?

कोकणचा_सुतार: करा, पण त्याने खालून तळहातावर वजन पेलायचं, बास. ढकलणं, वळवणं तुमचं. आणि पात्याला धरून ठेवणारा वरचा गाईड फळीपासून दोन सुतांवर, म्हणजे पाव इंचावर आणा.