‘ये रे ये रे पावसा’ला दुसरं कडवं आहे ना?

ऐरोलीचा_बाबा:
मुलगी सीनियर केजीत आहे. सोसायटीच्या कार्यक्रमात तिच्या गटाला ‘ये रे ये रे पावसा’ म्हणायचंय. मला ‘पैसा झाला खोटा, पाऊस आला मोठा’पर्यंतच येतं. इतक्यात कसं संपेल? शिवाय पोरीचे प्रश्न: पैसा म्हणजे किती रुपये? आणि तो खोटा निघाला, तरी पाऊस आला कसा?

नौपाड्याची_आजी:
आहे की!
ये गं ये गं सरी,
माझे मडके भरी,
सर आली धावून,
मडके गेले वाहून.

बालवाडीत वर्षानुवर्षं घेतलंय हे. गोल फेर धरायचा, ‘भरी’ला ओंजळ पुढे आणि ‘वाहून’ला सगळ्यांनी धपकन खाली बसायचं. निम्मी पोरं त्या बसण्यासाठीच गाणं म्हणतात. ते ढँगचिक म्युझिक तेवढं मागे लावू नका हो, मुलांचा आवाजच ऐकू येत नाही.

1957च्या 1 एप्रिलआधी रुपयाचे चौसष्ट पैसे होते, मग शंभर झाले. माझ्या आईकडे जुना भोकाचा पैसा होता, तो धाकट्याच्या करदोट्यात ओवलेला असायचा. खोट्या पैशाचं म्हणाल, तर आमच्या वर्गात एकमत होतं: पावसाला फसवलं, म्हणून तो चिडून मोठा आला. मला हे उत्तर पटतं.

घोडबंदर_वासी:
जुलैत आमच्या रोडवर उभं राहून ‘ये रे’ म्हणून दाखवा. आम्ही ‘रेन रेन गो अवे’वाले 😄

कोपरखैरणेकर:
आमच्या भाच्याला वाटतं हे गाणं सिनेमावरून आलंय. 2018 साली संजय जाधवांचा ‘ये रे ये रे पैसा’ आला, पुढे 2019 आणि 2025 मध्ये आणखी दोन भाग. पाऊस गेला, पैसा राहिला. बडबडगीतांचं असंच होणार.

नौपाड्याची_आजी:
काही होत नाही. अहो, मूळ ओळ सगळ्यांना पाठ आहे म्हणून तर ते नाव चाललं! आणि सिनेमावाले आजचे का आहेत? ‘चांदोबा चांदोबा भागलास का’मधलं निंबोणीचं झाड 1977च्या ‘बाळा गाऊ कशी अंगाई’त गेलं, सुमन कल्याणपूरांनी गायलं. त्यानंतरही माझ्या वर्गात चांदोबा त्याच झाडामागे लपत होता. घरात कुणी म्हणेनासं झालं, तर मात्र कठीण आहे.

घोडबंदरवाल्या भाऊ, पाऊस कमी पडला की पाणीकपात तुमच्याकडेही होतेच ना?

घोडबंदर_वासी:
होते. टँकरचं बिल आत्ताच ग्रुपवर पडलंय. ये रे बाबा!

ऐरोलीचा_बाबा:
आजी, खूप आभार. पैशाचं उत्तर पोरीला एकदम पटलं. आता मधोमध मातीचं मडकं ठेवायचा विचार आहे.

नौपाड्याची_आजी:
अजिबात नको! धपकन बसतात म्हटलं ना. प्लास्टिकची कळशी ठेवा.